टप्पा पडला होता

आमच्या घरात कायम चालू असलेला आवाज म्हणजे आईचं पुटपुटणं. आई शपथ घेतलेली दुभाषी होती. इंगोलश्टाटच्या कोर्टात, लग्नाच्या नोंदणीला, कधी दवाखान्यात, जिथे एका बाजूला मराठी किंवा हिंदी बोलणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला जर्मन अधिकारी असेल, तिथे मधल्या खुर्चीवर ती बसायची. लग्नाआधी पुण्यात ती हौसेने जर्मन शिकली होती, आणि बाबांच्या नोकरीमुळे इथे आल्यावर त्या हौसेचं तिने काम केलं. सराव सुटू नये म्हणून दिसेल आणि ऐकू येईल त्याचं ती हळू आवाजात मराठी करत राहायची. टीव्हीवर बातम्या लागल्या की अर्ध्या वाक्याच्या अंतराने मागोमाग तिचा आवाज. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलरने रविवारी कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून आमच्या दाराला चिठ्ठी चिकटवली, तीसुद्धा आईने आधी शांतपणे मराठीत आणली आणि मग ती रागावली. समोर काही भाषांतर करण्यासारखं नसलं तर ती नुसतं दिसतंय ते सांगत राहायची. 'पाऊस थांबला, पोस्टमन आला, आज सायकल नाही त्याच्याकडे.' मी तिला मराठीत हाक मारायचो आणि बाकीचं जर्मनमध्ये बोलायचो. ती मात्र कधीही जर्मनमध्ये उत्तर द्यायची नाही.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाला पंच्यात बांधलेला क्वार्क, म्हणजे इथलं घट्ट दह्यासारखं चीज, लटकत असायचा. त्याचं श्रीखंड व्हायचं, आणि ते चक्क्याच्या श्रीखंडाइतकंच चांगलं होतं असं माझं आजही मत आहे. थालीपिठाची भाजणी भारतातून आलेली संपली की आई इथल्या राय नावाच्या धान्याचं काळपट पीठ घालायची. ती थालीपिठं तव्यावरून नीट सुटायची नाहीत, आणि बाबा ती तुकड्यातुकड्यांनी खात म्हणायचे, "चव बरोबर आहे, आकाराचं काय एवढं." बाबा गाड्यांच्या दारांची कुलपं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात इंजिनिअर होते. कुणाच्याही गाडीत बसले की दार लावल्याचा आवाज कान देऊन ऐकायचे. आईने एखादा शब्द उच्चारावा आणि बाबांनी एखादं दार लावावं, दोघांचीही खात्री झाल्याशिवाय पुढचं काही व्हायचं नाही. अशा घरात मी वाढलो.

आईच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्या ओळखीचे एक कुलकर्णी नावाचे गृहस्थ होते, गणपतीत आमच्याकडे आरतीला यायचे. त्यांच्या गाडीचा चौकात अपघात झाला आणि कोर्टात दुभाषी म्हणून आईलाच बोलावलं. आदल्या दिवशी ते घरी आले. आधी चौकशीत ते म्हणाले होते, 'सिग्नल हिरवा असावा.' आता त्यांना भीती वाटत होती की कोर्टातही तोंडातून तेच निघेल.

"वहिनी, मी चुकून तसं म्हणालोच, तर तुम्ही नुसतं 'होता' म्हणा ना," ते म्हणाले. "एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "अहो, 'असावा' हा तुमचा शब्द आहे," ती म्हणाली. "तो मी कुठे टाकू?"

कुलकर्णी पुन्हा आरतीला आले नाहीत. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो, आणि मला तिचा अभिमान वाटला होता. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ती कोण होती हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

अमेरिकन फुटबॉलकडे मी अपघातानेच वळलो. साध्या फुटबॉलमध्ये माझे पाय कुणाच्या कामाचे नव्हते. पण डोनाऊ नदीच्या काठाला, मोठ्या मैदानाच्या मागे, एक लहान क्लब तो दुसरा खेळ खेळायचा. तो हाताचा खेळ होता, हेल्मेट घालून, लांबट चेंडूचा. संघाचं नाव 'बीबर', म्हणजे नदीत लाकडं कुरतडणारा तो प्राणी. वर्गातला एक मित्र मला घेऊन गेला, आणि कोच रुडीने पहिल्याच दिवशी मला लांब पळायला लावून माझ्याकडे चेंडू फेकला. मी तो झेलला. त्याने पुन्हा फेकला, मी पुन्हा झेलला. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', तो म्हणाला, आणि मी रिसीव्हर झालो. रिसीव्हरचं काम सांगायला सोपं आहे. बचाव करणाऱ्याला चुकवून पळायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत पकडायचा. जमिनीला लागला की तो चेंडू मेला. बाकीचे नियम पुस्तकभर आहेत, पण माझं सगळं आयुष्य या एका नियमावर चाललं.

घरी बाबा माझ्याकडून सराव करून घ्यायचे. कारखान्यातून आले की बूट न काढताच गॅरेजांसमोरच्या मोकळ्या जागेत. ते कॉलेजात क्रिकेट खेळलेले, त्यामुळे तो लांबट चेंडू त्यांच्या हातून कधी सरळ जायचाच नाही. गटांगळ्या खात, कधी माझ्या डोक्यावर, कधी घोट्यापाशी यायचा. कोच रुडी एकदा ते पाहून हसला होता. पण बाबांचे ते वेडेवाकडे चेंडू झेलून झेलून माझे हात असे झाले की मैदानावरचा कुठलाही चेंडू मला सोपा वाटायचा. क्लबमध्ये मला 'आबी' म्हणायचे. माझं नाव अभिजित, आणि आबी म्हणजे इथली बारावीची परीक्षा, त्यामुळे प्रत्येक नव्या मुलाला तो विनोद एकदा करावासा वाटायचा.

फेराइन, म्हणजे असा क्लब, म्हटलं की प्रत्येक घराने काहीतरी काम उचलायचं, ही इथली रीत. बाकीचे आईबाप सामन्याच्या दिवशी सॉसेज भाजायचे. आई शाकाहारी, तिने जाहीर केलं की ती त्या धुराजवळ उभी राहणार नाही, त्याऐवजी सामन्यांचं चित्रण करेल. क्लबकडे छोट्या कॅसेटचा एक कॅमेरा होता. त्याच्यासाठी बाबांनी लोखंडी मचाण जोडून दिलं, आणि चार वर्षं आई प्रत्येक सामन्याला त्यावर उभी राहिली, डोक्याला मफलर, हातात कॅमेरा, आणि तोंडाने अर्थातच पुटपुटत. कोच त्या फिल्म आवाज बंद करून पाहायचा. एकदा त्याने आवाज चालू ठेवला होता आणि अख्खा संघ हसून लोळला. त्या हसण्यात मीही होतो.

मी अठरा वर्षांचा असताना आम्ही आमच्या वयोगटाच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर कार्ल्सरूहेचा संघ होता. दिवसभर माझ्या अंगावर मार्को नावाचा बचावपटू होता, माझ्याच वयाचा, शांत, पायाने माझ्यापेक्षा जलद. त्याने मला तीन वेळा काही मिळू दिलं नाही, आणि प्रत्येक वेळी मला हात देऊन उठवलं. शेवटचा चेंडू उरला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. मी कोपऱ्याकडे पळालो, चेंडू थोडा कमी पडला, मी पुढे झेप घेतली. चेंडू गवतावर आपटला आणि टप्पा घेऊन माझ्या छातीवर आला. मी दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं आणि तसाच लोळत शेवटच्या रेषेपलीकडे, एंड झोनमध्ये पडलो. पंच माझ्या पाठीमागे होता. त्याने दोन्ही हात वर केले. टचडाउन, सहा गुण, आणि सामना आमचा.

तो टप्पा मला छातीच्या हाडावर जाणवला होता. कुणी विचारलं तर आजही मी बोट ठेवून जागा दाखवू शकतो.

मार्को माझ्या शेजारीच पडला होता, त्याचं तोंड त्या चेंडूपासून हातभर अंतरावर असेल. तो उठला आणि गवताकडे बोट दाखवून ओरडायला लागला. पंच पाठ फिरवून चालू लागला. मार्को त्याच्या मागे धावला, त्याची बाही धरली, पंचाने झटका दिला, आणि मार्कोने पुन्हा धरलं, या वेळी थेट दंडाला. आमच्या खेळात पंचाला हात लावणं म्हणजे संपलंच. त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं. जाताना तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू तरी सांग." माझ्या अंगावर तोवर आठ-दहा मुलं चढली होती. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

घरी येताना गाडीत आईने विचारलं, "अभी, टप्पा पडला होता का रे?"

"नाही ग."

"मला नुसत्या डोळ्यांना पडल्यासारखा वाटला. कॅमेऱ्यातून नीट कळत नाही," ती म्हणाली, आणि विषय संपला. तिने माझ्या शब्दावर तिच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला.

तीन आठवड्यांनी मार्कोच्या प्रकरणाची सुनावणी झाली. आमच्याच क्लबच्या बैठकीच्या खोलीत, शनिवारी सकाळी. लीगच्या शिस्त समितीचे प्रमुख हेर लिंडनर म्हणून निवृत्त शिक्षक होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की सामन्याचा निकाल बदलणार नाही, पंचाचा मैदानावरचा निर्णय अंतिम. प्रश्न एवढाच होता की मार्कोला किती शिक्षा. तो जर खरं बोलत असेल, तर एका मुलाचा संताप म्हणून दोन-तीन सामन्यांची बंदी. खोटं बोलून पंचाशी झोंबला असेल, तर पूर्ण वर्ष. हे मी नीट ऐकलं होतं. म्हणजे खरं सांगून आमचा कप जाणार नव्हता. जाणार होतं ते फक्त माझं कौतुक, पेपरात छापलेल्या माझ्या फोटोखालची ओळ, आणि राष्ट्रीय युवा संघाच्या शिबिराचं पत्र, जे त्याच आठवड्यात आलं होतं. तेवढंसुद्धा गेलं असतं की नाही कोण जाणे. मी ते पणाला लावायला तयार नव्हतो.

फिल्म दाखवायला आईला बोलावलं होतं. तिने टीव्हीला कॅमेरा जोडला. चित्रात माझी पाठ होती, चेंडू दिसतच नव्हता. लिंडनर म्हणाले, "आवाज जरा वाढवा, कदाचित आपटल्याचं ऐकू येईल." आईने आवाज वाढवला. गर्दीचा गोंगाट ऐकू आला, आणि त्याच्यावर, अगदी स्पष्ट, आईचा आवाज: "टप्पा पडला. अरे, टप्पा पडला."

खोलीतल्या सगळ्यांनी आईकडे पाहिलं. लिंडनरना मात्र मी जवळ होतो. "तुझी आई काय म्हणते आहे?" त्यांनी मला विचारलं.

मराठीत टप्पा म्हणजे चेंडूची उसळी, आणि टप्पा म्हणजे प्रवासातला मुक्काम. हे दोन अर्थ मला कुणी शाळेत शिकवले नव्हते. आईनेच शिकवले होते, स्वयंपाकघरात, जर्मनमध्ये याला एक शब्द नाही असं कौतुकाने सांगत. आणि मी म्हणालो, "ती म्हणते आहे, गाठलं. शेवट गाठला. पोचला."

मार्को टेबलाच्या पलीकडे त्याच्या कोचशेजारी बसला होता. तो माझ्याकडे पाहत होता. "आबी," तो म्हणाला, बाकी काही नाही.

लिंडनर आईकडे वळले. त्यांना तिचं काम माहीत होतं, आणि त्यांच्या बोलण्यात आदरच होता. "आपण तर कोर्टातल्या दुभाषी आहात. आपणच सांगितलंत की प्रश्नच मिटला. मुलाने केलेलं भाषांतर बरोबर आहे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा न ऐकलेला शब्द कानावर पडला की ती जशी पाहायची, तशी. मग तिने कॅमेऱ्याच्या वायरीकडे पाहिलं.

"या," ती जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे 'हो'.

दिवसातून शंभर वेळा आपण इथे 'या' म्हणतो. फोन उचलताना, पाव घेताना, काही न ऐकतासुद्धा. तिच्या तोंडून तो शब्द इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मार्कोला एक वर्षाची बंदी झाली.

गाडीत ती बोलली नाही, आणि मुख्य म्हणजे पुटपुटलीही नाही. दुकानांच्या पाट्या, सिग्नल, काहीच नाही. घरी बाबांनी दार उघडलं आणि विचारलं, "काय झालं?"

"त्या मुलाला वर्षभर खेळता येणार नाही," आई म्हणाली. "अहो, तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. तिथे जे बोललो ते सगळ्यात वाईट बोललो. "तू नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"तर तू सगळ्यांसमोर खोटारडा ठरला असतास," ती म्हणाली. "ते मला बघवलं नसतं. म्हणून मी ठरले." ती ओटा पुसत राहिली. तो स्वच्छच होता.

सोमवारी तिने कोर्टात फोन करून दुभाष्यांच्या यादीतून आपलं नाव काढायला सांगितलं. कारण विचारलं तेव्हा "वैयक्तिक" एवढंच म्हणाली. मी शेजारच्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मी उठून जाऊन फोन तिच्या हातातून घेऊ शकलो असतो. मी शिबिरासाठी बॅग भरत होतो. पुढे तिने नव्याने आलेल्या बायकांना जर्मन शिकवायला सुरुवात केली, आणि ते ती चांगलं शिकवायची. पण कोर्टातल्या मधल्या खुर्चीवर ती पुन्हा बसली नाही. बाबांना तिने किती सांगितलं मला माहीत नाही. गॅरेजांसमोर ते त्यानंतरही माझ्याबरोबर यायचे, फक्त आधी स्वतःहून यायचे, आता मी बोलावलं तर यायचे.

माझं पुढचं सगळं झालं. शिबिरातून संघात निवड, अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात दोन वर्षं, परत आल्यावर इथल्या वरच्या लीगमध्ये बारा मोसम. पेपरवाले माझ्या हातांबद्दल लिहायचे. मैदानावर लहान मुलं माझ्याकडून ग्लोव्हजवर सह्या घ्यायची. त्या बारा मोसमांत मी शेकडो चेंडू पकडले, आणि ते सगळे खरे होते. पण कुणी कौतुक करायला लागलं की मी विषय बदलायचो, आणि लोक त्याला विनय म्हणायचे. त्या विनयाचंही कौतुक झालं, आणि तेही मी घेतलं.

आता पन्नाशी उलटली, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. मागच्या वर्षी या आठवणी लिहायला घेतल्या, त्या या सामन्यापर्यंत आल्या आणि अडल्या. चार महिने मी हे पान वेगवेगळ्या प्रकारे लिहीत होतो, आणि प्रत्येक खेपेला चेंडू जमिनीपासून थोडा वर राहायचा. शेवटी मार्कोचा पत्ता आणि फोन नंबर शोधला. तो कार्ल्सरूहेला, युनिव्हर्सिटीच्या जवळ, सायकली दुरुस्त करण्याचं दुकान चालवतो. वसंत ऋतूत एका दुपारी मी तिथे जाऊन उभा राहिलो. त्याने मला लगेच ओळखलं, हात पुसले आणि एक स्टूल पुढे केलं.

मी सगळं सांगितलं. टप्पा, भाषांतर, शिबिराचं पत्र. बोलायला लागल्यावर मला थांबताच येईना. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "हे बघ, मला माहीत होतं. मी तिथेच होतो ना. आणि तुझी आई येऊन गेली होती."

"कुठे?"

"आमच्या घरी. बंदी लागल्यावर महिन्याभरात. एकटीच, ट्रेनने. माझ्या आईशी बोलली. तिने एक कागद आणला होता. कॅसेटवर ती काय म्हणाली होती, त्याचा खरा अर्थ काय, आणि आपण समितीसमोर खोटं बोललो, असं सगळं लिहून सही केलेला. म्हणाली, हा पाठवा. माझ्या आईने विचारलं, तुमच्या मुलाचं काय होईल? तर म्हणाली, ते मला माहीत आहे."

"मग?" मी विचारलं.

"पाठवणार होतो," मार्को म्हणाला. "पाकीटसुद्धा आणलं होतं. मग पाठवला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बंदी संपली तोवर खेळायची इच्छाच गेली होती." त्याने एका चाकाला हाताने गती दिली आणि ते थांबेपर्यंत पाहत राहिला. त्याने मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. निघताना त्याने हात पुढे केला, तेवढ्याबद्दलच मी आभार मानले.

तिथून मी थेट इंगोलश्टाटला गेलो. आई आता एकोणऐंशीची आहे, बाबा गेल्यापासून त्याच फ्लॅटमध्ये एकटी राहते. ती बाल्कनीत कोथिंबिरीच्या कुंडीला पाणी घालत होती.

"आई, तू कार्ल्सरूहेला गेली होतीस?"

तिने झारी खाली ठेवली. "मार्कोकडे जाऊन आलास?"

"हो. मला का सांगितलं नाहीस कधी?"

"मी सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी गेला असतास," ती म्हणाली. "बस. किती वेळ होतास त्याच्याकडे?"

"दोन तास."

"बरं केलंस." ती समोरच्या खुर्चीत बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर मला इतक्या वर्षांत न दिसलेली उत्सुकता होती. "कसा आहे रे तो? लग्न झालं त्याचं? मुलं आहेत? त्याची आई तेव्हा आजारी होती फार, खोकत होती सारखी. ती आहे का अजून?"

मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की मला यातलं काहीच माहीत नाही. दोन तास त्या माणसासमोर बसून मी फक्त माझ्याबद्दल बोललो होतो.

"विचारलं नाही," मी म्हणालो.

 आई उठली, आतून फोन आणला आणि माझ्या हातात दिला.

"मग आता विचार," ती म्हणाली.